डबल बेल मी दिल्याशिवाय: संमोहन उपचारांच्या सात बैठका

आधी नोकरी सांगते, म्हणजे दुखणं कळेल. मी एसटीत कंडक्टर आहे, चौदा वर्षं झाली. बहुतेक ड्यूटी कराड–स्वारगेट. आणि मला आयबीएस आहे. म्हणजे दुर्बिणीत आतडं ठणठणीत, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट कधी मुरडेल आणि कधी पळवेल याचा नेम नाही. गाडी खच्चून भरलेली, हातात तिकीट मशीन, शिरवळ मागे पडलंय आणि पोटात कळ आली. कुणाला सांगणार? सहा वर्षं मी ड्यूटीच्या दिवशी उपाशी निघायचे. चहासुद्धा नाही.

गोळ्या झाल्या, दूध बंद झालं, गहू बंद झाला. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली, पुण्यातल्या एका मानसोपचार करणाऱ्या मॅडमच्या नावाची, आणि वर लिहिलं ‘संमोहन’. मला वाटलं, यांनीही हात टेकले.

मॅडमचं किंवा क्लिनिकचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

मॅडमची तारीख तीन आठवड्यांनी मिळत होती. तेवढाही धीर नव्हता म्हणून मी आधी दुसऱ्याच एका गृहस्थाकडे गेले. बोर्डावर डोळ्यातून किरण निघतायत असं चित्र. तीन बैठकांचे नऊ हजार, तेही आगाऊ. आजाराचा कागद त्यांनी बघितला नाही. डोळे मिटायला लावले, आकडे उलटे मोजले आणि मला थेट मागच्या जन्मात नेलं. आणि खरं सांगते, मी गेलेही! मोठा वाडा दिसला, तुळशीवृंदावन दिसलं, पितळी पेल्यातून कुणीतरी मला विष देताना दिसलं. घरी येऊन हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “आई, पेला तेवढा तुझा, बाकी वाडा आपल्या आठच्या सीरियलमधला आहे.” विचार केला तर खरंच, खांबसुद्धा तेच. उरलेल्या दोन बैठकांना गेले नाही. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

पुढे मॅडमनी याचा खुलासा केला तो इथे सांगून टाकते, कुणाचे तरी नऊ हजार वाचतील. संमोहनात आठवण काही जास्त खरी होत नाही. माणूस जास्त बोलतो, त्यात खरं-खोटं दोन्ही वाढतं, आणि वाढतो तो मुख्य म्हणजे खात्रीचा सूर. मनातलं चित्र आणि घडलेली गोष्ट यांतला बांध तेवढा वेळ सैल पडतो. म्हणून मागचा जन्म दिसतो, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आता मॅडमचं क्लिनिक. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट बंद. खोली साधी, मागे रेलायची खुर्ची, एक पातळ शाल, भिंतीवर कसलंही चक्र नाही. लंबक कुठाय असं मी विचारलं तर त्या हसल्या. पहिला पाऊण तास नुसते प्रश्न. फिट येते का, कधी भास झालेत का, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, वजन उतरलंय का, शौचातून रक्त जातं का. भास होणाऱ्या माणसाला हे सरसकट करत नाहीत, आणि रक्त जात असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरकडे परत पाठवतात. पहिल्या गृहस्थाने यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग मोजमाप. हे मला माहीतच नव्हतं, की माणूस किती संमोहित होऊ शकतो हे मोजता येतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये बारा कसोट्यांची मोजपट्टी तयार झाली, अजून तीच धाटणी चालते. बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात येतात, फार खोल जाणारे थोडे, अजिबात न जाणारेही थोडे. आणि हा आकडा उंचीसारखा टिकतो. त्याच माणसांना २५ वर्षांनी परत मोजलं तरी फारसा हलला नव्हता. म्हणजे ‘माझं मन खंबीर आहे, मला कुणी संमोहित करू शकत नाही’ ही फुशारकी फुकटच. त्याचा खंबीरपणाशी संबंध नाही.

मला बारापैकी सात मिळाले. एक कसोटी अशी: उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे धरायचा, आणि मॅडम सांगतात की हातात काहीतरी जड आहे, आणखी जड होतंय. मी मनात चिल्लरने भरलेली कातडी पिशवी धरली, जुनी, मशीन यायच्या आधीची. हात खाली जायला लागला. मी तो नेत नव्हते. म्हणजे मीच नेत असणार, दुसरं कोण नेणार, पण नेल्याचं मला जाणवत नव्हतं. कोपर थरथरलं, बोटं मांडीला टेकली, आणि मी आश्चर्याने बघत होते, मिटल्या डोळ्यांनीच. सगळ्या प्रकाराचं मर्म मला त्या दहा सेकंदांत कळलं. रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता, सव्वाचारची गाडी चुकेल हेही डोक्यात होतं. झोप नव्हती. उठून जावंसं वाटलं असतं तर गेले असते. फक्त करणारी मी आणि बघणारी मी यांच्यात जरा फट पडली होती.

दुसऱ्या कसोटीत कानाशी डास गुणगुणायला हवा होता. तो काही आला नाही. मुक्कामी गाडीत चौदा वर्षं खरे डास चावलेल्या बाईला खोटा कसा पटणार!

मॅडम म्हणाल्या, “ताई, ही अवस्था तुम्हाला नवी नाही. रोज बघता.” आणि खरंच आहे. स्वारगेट सोडलं की खिडकीला डोकं टेकून घोरणारा माणूस भुईंजला बरोबर उठतो, न हाक मारता. आमचे ड्रायव्हर सांगतात की कधीकधी घाट कधी संपला ते आठवतच नाही, गाडी मात्र प्रत्येक वळण नीट घेऊन आलेली असते. मी स्वतः वे-बिलाची बेरीज करत असले की मागे भांडण लागलेलंही ऐकू येत नाही, पण बेल वाजली की मान वर.

आणि आत्या. आमच्या आत्याच्या अंगात काळूबाई यायची. पौष पौर्णिमेला मांढरगडावर, आणि घरी मंगळवारी. हलगी लागली की आधी मान, मग खांदे. लहानपणी मी भिंतीला चिकटून बघायचे. एकदा भर अंगात आलेलं असताना, केस मोकळे, डोळे वर, तिने त्याच घोगऱ्या आवाजात सांगितलं, “चुलीवरला भात करपतोय.” आम्ही पोरं नंतर हसलो, आणि मोठी झाल्यावर मी मनात ठरवून टाकलं की आत्या ढोंग करते. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग सांगितला. अर्नेस्ट हिल्गार्ड नावाचे संशोधक संमोहित माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. तो म्हणायचा दुखत नाही. मग सूचना दिली जायची की तुझा जो भाग सगळं जाणतोय त्याने सांगावं, तर तो भाग सांगायचा की दुखतंय. त्याला त्यांनी ‘लपलेला निरीक्षक’ म्हटलं. ही फूट खरी की सूचनेनेच तयार झालेली, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पण भात करपल्याचं कळूनही आत्या खोटी नव्हती, एवढं मला पटलं. ती जाऊन नऊ वर्षं झाली. सांगायला हवं होतं तिला.

अपेक्षा काय करते याची एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी गाडीत चार जणांना ऐकवली आहे. पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरने ‘प्राणी-चुंबकत्वा’ची, म्हणजे अंगातल्या अदृश्य शक्तीने आजार बरे होतात याची, हवा केली होती. १७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात चुंबकत्व भरलं, आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या पोराला एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडाशी पोरगं बेशुद्ध पडलं. भारलेलं झाड निराळंच, लांब उभं होतं. समितीने लिहिलं की चुंबकत्व वगैरे काही नाही, ही कल्पनेची करामत. मॅडमचं म्हणणं, समिती बरोबरच होती, पण पोरगं खरोखर पडलं ना, मग त्या करामतीचाच उपयोग का करू नये?

उपचार असा. आठवड्याला एक बैठक, अर्धा-पाऊण तास. श्वास, मग पायाच्या बोटांपासून अंग सैल, मग तळहात पोटावर ठेवून त्याची ऊब आत जातेय अशी कल्पना, आणि मग आतड्याच्या चालीचं एखादं चित्र. याची सुरुवात मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांची. १९८४ मध्ये त्यांनी औषधाला दाद न देणारे ३० रुग्ण घेऊन अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना अशाच सात बैठका दिल्या आणि ते बाकीच्यांपेक्षा बरेच सुधारले. वर्षभर औषधांनी फरक पडला नाही तर याचा विचार करा असं ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये डॉक्टरांसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत घातलं. म्हणजे माझ्या डॉक्टरांनी हात टेकले नव्हते.

पहिली तक्रार इथेच. चित्र म्हणून मॅडमनी नदी दिली. संथ, निर्मळ वाहणारी. मला कृष्णाच दिसणार, आणि कृष्णा म्हटलं की घाटाच्या पायरीला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दोन बैठका त्यात गेल्या. तिसरीला मी स्पष्ट बोलले. त्यांनी वही काढली आणि म्हणाल्या, तुमच्या कामातलं सांगा, नीट चालणारं काय असतं? मी म्हटलं, गाडी. सिंगल बेल दिली की थांबते, डबल बेल दिली की निघते, आणि दोरी माझ्या हातात असते.

तेव्हापासून पोट म्हणजे गाडी. डेपोतून वेळेवर सुटलेली, स्टॉपवर थांबणारी, घाई नसलेली. ‘डबल बेल तुम्ही दिल्याशिवाय गाडी हलणार नाही.’ हे वाक्य त्या अगदी हळू म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप वाकलं, दोरी ओढल्यासारखं. हसू नका, त्या क्षणी पोटातली कळ खरंच उतरली.

दुसरी तक्रार, फी. बैठकीला अठराशे. सात बैठकांचे बारा हजार सहाशे, वर कराडहून येणं-जाणं. गाडीचं मला पडत नाही, पण सात सुट्ट्या गेल्या. ऑनलाइन बैठक असते हे पाचव्या वेळी कळलं. आधी का नाही सांगितलं? तिसरी, घरी रोज ऐकायची व्हॉइस फाईल. बावीस मिनिटांच्या त्या फाईलमध्ये नवव्या मिनिटाला कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देतो. सांगितलं तर म्हणाल्या नवी पाठवते. अजून आली नाही. आता शिट्टीचीही सवय झाली, शिट्टी झाली की अंग आणखी सैल पडतं.

फरक? मी बरी झाले असं लिहिणार नाही. महिन्यात दोन-तीन दिवस वाईट जातातच. पोट गुरगुरतं तेवढंच गुरगुरतं, पण आता ते मागच्या सीटवरच्या रडणाऱ्या पोरासारखं वाटतं. ऐकू येतं, हाक मारत नाही. मॉन्ट्रियलमध्ये १९९७ मध्ये मेंदूची चित्रं काढून असंच काहीसं दिसलं होतं: हात कढत पाण्यात, पाणी तेवढंच गरम, पण सूचनेने त्रास कमी वाटायला लागला की मेंदूतला त्रासाशी जोडलेला भाग शांत होत होता. सकाळी मी आता चहा आणि एक भाकरी खाऊन निघते.

मागच्या महिन्यात खंबाटकी घाटात ट्रेलर आडवा झाला. दीड तास गाडी जागची हलली नाही, खाली उतरायला जागा नाही, आणि कळ आलीच. मशीन मांडीवर ठेवलं, हात पोटावर, सिंगल बेल. डोळे उघडेच होते, एका आजींना सुट्टे परत करायचे होते तेही केले. घाटाखालचं वेळे गाव येईपर्यंत थांबले.

आमच्या ड्रायव्हरनी हे सगळं बघितलं. त्यांना झोपेचा त्रास आहे. परवा म्हणाले, “ताई, ती फाईल मलापण पाठवा की.” म्हटलं, पाठवते, पण स्टेअरिंगवर बसून ऐकणार असाल तर नाही. मुक्कामाला ऐका, गाडी बंद करून, किल्ली माझ्याकडे देऊन. कुकरच्या शिट्टीला दचकू नका.