कंपनीची टचस्क्रीन काढून बाहेरची बसवली: अमळनेरच्या उन्हात वापरून झाल्यावर

गाडीची स्क्रीन बदलायची म्हणून दुकानात गेलं की दुकानदार आधी रॅम सांगतो. दोन जीबी, चार जीबी, आठ जीबी. मी दिवाळीत बसवली आणि आता पोळाही होऊन गेला, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस तिन्ही बघून झालं. माझं मत विचाराल तर खान्देशात रॅमचा आकडा सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारावं की या डब्याची उष्णता बाहेर कुठून जाते, आणि वायर कापणार की कपलर (न कापता जोडायचं तयार सॉकेट) लावणार. या दोन प्रश्नांवर दुकानदार गडबडला तर चहा पिऊन निघावं.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, वरचं मॉडेल, त्यात कंपनीचीच ७ इंची स्क्रीन. माझं काम ठिबकचं. पारोळा, चोपडा, शिरपूर, कधी शहादा, कधी चाळीसगाव, आणि बराच वेळ गाडी शेताच्या बांधावर उभी. सावली मिळाली तर नशीब. अशा उभ्या गाडीत मे महिन्यात काय होतं ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद गाडीचा काळा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. कंपनीच्या स्क्रीनने काही उन्हाळे काढले, मग काचेखालचा थर सुटून बुडबुडे आले, डावीकडची पट्टी बोटाला दाद देईना आणि शेवटी हात न लावता गाणी बदलायला लागली. एकदा तर चालत्या गाडीत भलत्याच माणसाला फोन लागला. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नुसती काच बदलून मिळत नाही, अख्खं युनिट घ्यावं लागतं. त्यांनी सांगितलेल्या रकमेत घरी चांगला फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही आले असते.

बाजारात तीन थर आहेत. आठ-दहा हजारांचे बिननावाचे अँड्रॉइड डबे, त्यावर अठरा ते तीस हजारांत जरा दमदार चिप असलेले, आणि नावाजलेल्या ऑडिओ कंपन्यांचे, ज्यांत अँड्रॉइड नसतं पण अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले चालतं, म्हणजे फोनचे नकाशे, गाणी आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर दिसतात. मी मधला घेतला: ९ इंची, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, चिप यूआयएस ७८६२. फ्रेम, कपलर, कॅनबस डबी (गाडीच्या कॉम्प्युटरचे निरोप स्क्रीनला पोचवणारी) आणि मजुरी धरून बावीस हजारांच्या आसपास गेले. या चिपमध्ये दोन जोरकस आणि सहा साधे कोअर असतात. स्वस्त डब्यांत सर्रास मिळणाऱ्या जुन्या चार-कोअरवाल्या चिपपेक्षा फरक नकाशा सरकवताना लगेच कळतो. सेटिंगमध्ये लिहिलेल्या अँड्रॉइडच्या आवृत्तीवर मात्र विश्वास ठेवू नका. आतलं जुनं आणि पाटी नवी असले डबे भरपूर आहेत. दुकानातच सीपीयू-झेड हे तपासणीचं ॲप टाकून खरं काय ते बघावं. खोटं असलं की बहुतेकदा तिथल्या तिथे उघडं पडतं, पण काही डबे या ॲपलाही फसवतात.

आता मुख्य गोष्ट, वायरिंग. अमळनेरला विचारलं तिथे एकाने कंपनीचा कपलर कापून, वायरी पिळून, टेप मारून अर्ध्या तासात देतो म्हणून सांगितलं. जळगावला ज्याच्याकडे बसवली त्याने उलट मलाच बजावलं, "भाऊ, हे कापलं की जुनं परत बसणार नाही, आणि उद्या काही जळालं तर कुणी उभं करणार नाही." गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा कपलर एका बाजूने कंपनीच्या सॉकेटमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूने नव्या डब्यात. एकही वायर कापावी लागत नाही. किंमत मजुरीएवढीही नसते. तरी लोक तिथेच पैसे वाचवतात, हे मला अजून कळलेलं नाही.

कपलर लावला म्हणजे सगळ्या वायरी लागल्या असं नाही. पिवळी वायर बॅटरीची कायमची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची. या तीन लावल्या की स्क्रीन सुरू होते आणि कारागीर हात पुसायला लागतो. पण दिव्यांची नारिंगी वायर राहिली तर रात्री हेडलाइट लावूनही स्क्रीन दिवसाएवढीच भगभगते. कन्नडचा घाट रात्री चढताना ती चमक समोरच्या काचेत उतरली की चीड येते. ही वायर जोडल्यावर दिवे लागले की स्क्रीन आपोआप मंद होते.

दुसरी दुर्लक्षित वायर निळी, आणि तिची गोष्ट आमच्या घरात फार गाजली. बाबांना गाडीत आकाशवाणी जळगाव लागतं. बाकी काही लागत नाही. नवी स्क्रीन बघून त्यांचं पहिलं वाक्य होतं, "गाडीमा टीव्ही कसाले बसाडा रे?" आणि दुसरं वाक्य रेडिओ लावल्यावर आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. जुन्या युनिटवर स्वच्छ लागणारं स्टेशन नव्यावर नुसतं खरखरत होतं. कारण असं की बऱ्याच गाड्यांच्या छोट्या अँटेनात बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचं युनिट ते अँटेनाच्या वायरमधूनच देतं. बाहेरच्या डब्याला वेगळा अडॅप्टर लावून निळी वायर त्याला जोडावी लागते. जोडली, आणि एफएम जवळपास पूर्वीसारखं झालं. मीडियम वेव्ह मात्र माझ्या डब्यात नाहीच, ते गेलं ते गेलं. बाबांचा निकाल: "आते बरं वाजस."

स्टिअरिंगवरची बटणं चालतात, पण ती शिकवावी लागतात. सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून धरायचं आणि हे कशाचं ते सांगायचं. हे काम डिलिव्हरी घेतानाच करून घ्या, कारण नव्या स्क्रीनला आवाजाचं फिरतं बटण नाही. चोपड्याकडच्या रस्त्यावर खड्ड्यातून जाताना काचेवरच्या खुणेवर बोट नेमकं टेकवून दाखवा, मी बक्षीस देतो. कंपनीच्या जुन्या युनिटमधली ही एक गोष्ट मला आजही हवीशी वाटते. तीस हजारांच्या डब्याला एक साधी चकती लावायला यांना काय होतं?

उन्हाळ्याचं सांगतो. गाडीसाठी म्हणून बनवलेले इलेक्ट्रॉनिक भाग साधारण उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस धरून बनवतात. मोबाइल-टॅबलेटच्या दर्जाचे व्यापारी भाग बहुतेक ७० पर्यंतच. बाहेरच्या डब्यात कुठला भाग कुठल्या दर्जाचा आहे ते खोक्यावर कुणी छापत नाही. म्हणून मी मागची बाजू बघून घेतली होती: जाड ॲल्युमिनियमची जाळी आणि छोटा पंखा. एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी उन्हातून काढली की पहिली काही मिनिटं स्क्रीन सुस्त चालते, नकाशा अडखळतो, एखादं ॲप बंद पडतं. चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर काढली, मग एसी लावला, की ती ताळ्यावर येते. बंद पडली नाही, आपोआप टच झाली नाही, काचेला बुडबुडे नाहीत. उजव्या कडेला मात्र किंचित पिवळसर छटा आली आहे, पांढऱ्या पानावर दिसते. पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा वापरतोच. तो वापरला नसता तर छटा किती वाढली असती कोण जाणे. पंखा धूळ ओढतो हा त्याचा तोटा. आमच्याकडच्या रस्त्यांची धूळ बघता वर्षातून एकदा फ्रेम काढून फुंकून घ्यावं लागणार.

मेमध्ये वायरलेस अँड्रॉइड ऑटो मी बंदच ठेवलं. ते जुळणी ब्लूटूथवर करतं, पण सगळा माल ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरून जातो आणि फोन तापतो. त्यात वर वायरलेस चार्जर असला तर फोन स्वतःच हात टेकतो, चार्जिंग थांबल्याची सूचना येते. केबल लावून फोन एसीच्या झोतासमोर ठेवला की दिवसभर तक्रार नाही. थंडीत वायरलेस उत्तम.

एवढे महिने वापरल्यावर लक्षात आलं की मी या डब्यातलं अँड्रॉइड जवळजवळ वापरतच नाही. फोन जोडतो, नकाशा मराठीत बोलतो, गाणी वाजतात, फोन येतात. डब्यात सिम घालायची सोय आहे, पण तोरणमाळ किंवा पालकडे सातपुड्यात शिरलं की नेटवर्क जातं. मग डब्यातलं सिम काय आणि फोनमधलं काय, दोन्ही सारखेच गप्प. तिकडे जाण्याआधी फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवावा, तोच अँड्रॉइड ऑटोवरही चालतो. डब्याला अपडेट एकही आलं नाही, येईल असंही वाटत नाही. म्हणून मी माझं नेहमीचं गूगल खातं त्यात टाकलेलं नाही आणि पैशांचं कुठलंही ॲप टाकणार नाही. या हिशेबाने आज घ्यायची असती तर मी नुसतं अँड्रॉइड ऑटोवालं, आवाजाची चकती असलेलं, नावाजलेल्या कंपनीचं ७ इंची युनिट घेतलं असतं. मोठी स्क्रीन बघायला भारी दिसते, कामाला फोनची खिडकी पुरते.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. खोक्यावर ४×५० वॉट छापलेलं असतं, ते क्षणभराचं कमाल. सलग मिळतात ते पंधरा-वीस वॉट. तरी इक्वलायझर बरा आहे, लग्नसराईत भाचे मंडळी अहिराणी गाणी लावतात तेव्हा दरवाजे हादरतात. फोनच्या कॉलसाठी डब्यातला माइक कामाचा नाही. समोरचा म्हणायचा, विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतोय. सोबत आलेला वायरवाला छोटा माइक पुढच्या खांबावर लावून घेतला, तेव्हा गिऱ्हाइकांना माझं कोटेशन नीट ऐकू यायला लागलं.

संध्याकाळी धुळ्याहून पारोळ्याकडे परत येताना सूर्य पाठीमागे असतो आणि मागच्या काचेतून ऊन थेट स्क्रीनवर पडतं. तेव्हा दिसत नाही म्हणजे नाही. मॅट फिल्म लावून थोडा फरक पडला. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर दुकानात गॉगल घालूनच स्क्रीन बघा, माझी तिरकी बघितली की काळपट दिसते.

बॅटरीचा प्रकार गंभीर झाला. सुरतला लग्नाला आम्ही रेल्वेने गेलो, परत आलो तर गाडी सेल्फ मारेना. डबा लवकर सुरू व्हावा म्हणून चावी काढल्यावरही झोपेत जागा राहतो, आणि कारखान्यातून तेच सेटिंग ठेवून येतो. मीटर लावून बघितलं तर उभी गाडी दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास खात होती. पन्नासच्या आत असेल तर ठीक समजतात. दोनशे म्हणजे दिवसाला जवळपास ५ अँपिअर-तास. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ते किती दिवस झेपणार? फॅक्टरी सेटिंगमध्ये, ज्याचा पासवर्ड कारागिराकडून लिहून घ्यावा, चावी काढल्यावर तासाभराने पूर्ण बंद असं ठेवलं. आता सकाळी सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो, लागू दे. रिव्हर्स गिअर टाकला तर कॅमेरा त्याआधीही दिसतो.

कॅमेरा कंपनीचाच ठेवला. काही गाड्यांत तो ६ व्होल्टवर चालतो आणि सरळ १२ व्होल्ट दिले तर जळतो. मधला कन्व्हर्टर लावल्याशिवाय जोडू देऊ नका. पावसाळ्यात काळ्या मातीने त्याचा डोळा रोज बंद होतो, त्याला नवी-जुनी स्क्रीन काय करणार.

गाडी वॉरंटीत असेल, किंवा एसीची बटणं स्क्रीनमध्येच असतील, तर या फंदात पडू नका. माझ्या गाडीत दरवाजा उघडा असल्याचं चित्र कॅनबस डबीमुळे परत आलं, पण दरवाजे आपोआप लॉक होण्याचं सेटिंग जुन्या स्क्रीनमध्येच राहिलं. ते बदलायचं तर जुनं युनिट परत जोडावं लागेल, म्हणून ते विकलं नाही. कपलर कापला नसल्याने जोडता येईल. बिल जीएसटीचं घ्या आणि विमा कंपनीला कळवा. बाहेरून लावलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे साधारण किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता धरतात, म्हणजे बावीस हजारांवर वर्षाला ८८० रुपये आणि वर कर. पॉलिसीत नोंद नसेल तर अपघातात किंवा चोरीत या डब्याचा एक रुपया मिळत नाही, हे एजंट स्वतःहून सांगत नाही.