चेंबर बसवलेल्या आरएक्सचं जेटिंग : फोंड्यातलं एक छोटं गॅरेज

जुनी आरएक्स १०० आहे आणि तिला चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट) नि ओपन एअर फिल्टर बसवलाय, तर फर्मागुडीच्या चढाआधीच्या या मेस्ताकडे (मेकॅनिककडे) जेटिंगला, म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट जुळवून घ्यायला जाच. बाहेर बोर्ड नाही, पण कुणालाही विचारा, सांगतील.

चेंबर आणि फिल्टर बदलला की इंजिन जास्त हवा ओढतं, पेट्रोल मात्र जुन्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा) तेवढंच येतं, म्हणजे गाडी लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यानं अजून लीन. टू-स्ट्रोकला हे फार वाईट, लांब फुल थ्रॉटलवर पिस्टन जॅम होतो. माझी वरच्या आरपीएमला अडखळायची आणि स्पार्क प्लग पांढरा पडायचा, ही लीनचीच खूण. आधी दुसऱ्या एका ठिकाणी जेटमध्ये तार घालून भोक मोठं करतो म्हणाले, मी तिथूनच गाडी परत आणली. असं केल्यावर जेटवरच्या भोकाचं माप सांगणाऱ्या नंबरला काही अर्थच राहत नाही, पुढचा माणूस कशावरून हिशोब करणार?

या मेस्तानं थ्रॉटलच्या ग्रिपवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. आधी मेन जेट, कारण पाऊण ते फुलचं काम त्याचं. नवा मोठ्या नंबरचा जेट टाकला, फुल थ्रॉटलवर नेऊन क्लच दाबून चावी बंद केली आणि तिथेच प्लग काढून बघितला. असं करत रंग तपकिरी येईपर्यंत, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर. मग आयडलसाठी पायलट जेट आणि एअर स्क्रू, आणि शेवटी निडलची (कार्ब्युरेटरमधली निमुळती सुई) क्लिप एक खाच खाली, म्हणजे निडल वर उचलली जाते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यानं एकदाही मोडलं नाही आणि मला सगळं दाखवत केलं. असे मेकॅनिक आता कमी राहिलेत हो.

मजुरी ६०० घेतली, जेटचे पैसे वेगळे, कामाच्या मानानं अगदी रास्त. जुने जेट पुडीत घालून परत दिले. गर्दी मात्र असते, गाडी दिवसभर ठेवायच्या तयारीनं जा, आणि जोरदार पावसात टेस्ट राइड होत नाही म्हणून तो जेटिंग घेत नाही.

चोर्ला घाटात वर गेल्यावर हवा विरळ असते, त्या मानानं पेट्रोल जास्त होऊन गाडी थोडी जड वाटेल, तेवढ्यासाठी जेट बदलू नको असं तो आधीच म्हणाला होता. तसंच झालं, साखळीला उतरल्यावर परत एकदम मोकळी. मायलेज थोडं कमी झालंय, पण प्लग अजून तपकिरीच आहे.