फोंड्याच्या पसऱ्यावर बसून वाचलेला 'द ग्रोसर'

आमचा फोंड्यात पसरो आहे, म्हणजे किराणा दुकान, आजोबांनी घातलेला, आणि आत पाऊल टाकलं की मराठीतला पसारा पण दिसतोच. चुलतभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो (अर्धा गोवा तिकडेच गेलाय असं वाटतं हल्ली), एका किराणा दुकानातच काम करतो. यंदा चवथीला (गणपतीला) घरी आला तेव्हा चॉकलेटांच्या पिशवीच्या तळाला 'द ग्रोसर' नावाच्या तिकडच्या किराणा धंद्याच्या साप्ताहिकाचे सात-आठ अंक घालून आणले, म्हणाला तुझ्या धंद्याचं आहे, वाच. आई म्हणाली चॉकलेटं थोडी आणि रद्दीच जास्त. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांचं) सामान विकण्याच्या गडबडीत अंक तसेच पडले, चवथ झाल्यावर दुपारी गिऱ्हाईक नसताना एकेक काढून वाचले, तर हा त्याचा रिव्ह्यू.

आधी वय सांगतो कारण मला तेच भारी वाटलं. पहिला अंक ४ जानेवारी १८६२ चा, काढणारा विल्यम रीड, आणि आज छापणाऱ्या कंपनीचं नाव पण विल्यम रीडच. आपला दैनिक गोमन्तक गोवा मुक्तीनंतर १९६२ साली सुरू झाला, म्हणजे किराणावाल्यांचं हे साप्ताहिक त्याच्यापेक्षा बरोबर शंभर वर्षांनी मोठं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, तेव्हा आमच्या घरात कोणाला पसरो घालायचं सुचलं पण नव्हतं."

पण १८६२ लाच का सुचलं असेल, तर त्याच्या मागचा काळ बघा. तेव्हा इंग्लंडात भेसळ म्हणजे रोजची गोष्ट, पावात तुरटी, लोणच्याला हिरवा रंग यावा म्हणून तांबं, वापरलेली चहापत्ती सुकवून रंग देऊन परत विकायची. १८५८ ला ब्रॅडफर्डमधे तर कहर झाला, पेपरमिंटच्या गोळ्या करणाऱ्याला साखर महाग पडते म्हणून त्यात घालायला प्लास्टरची पांढरी पूड हवी होती आणि औषधवाल्याच्या पोराने चुकून आर्सेनिक दिलं, वीसेक माणसं गेली, दोनशेच्या आसपास आजारी पडली. मग १८६० मधे भेसळीविरुद्धचा कायदा आला, त्यात फारसा दम नव्हता, म्हणून १८७५ मधे दुसरा कडक आणावा लागला. अशा वेळी गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराकडे चोर म्हणून बघणार हे ओघानेच आलं, आणि दुसऱ्या बाजूने सहकारी भांडारं वाढत होती (१८४४ मधे रॉचडेल गावात लोकांनी मिळून काढलेल्या भांडारापासून), जी नफा सभासदांत वाटत होती आणि किराणावाल्यांचं डोकं फिरवत होती. कायदा काय म्हणतो, साखर-चहाचा भाव काय, भांडारवाल्यांशी टक्कर कशी द्यायची हे सांगणारा आपला माणूस दुकानदाराला पाहिजेच होता. आमच्याकडे हे काम अजून सेल्समन करतो, चहा पीत, आणि अर्धं खोटं सांगतो.

पुढचा इतिहास पण या धंद्याच्या डोक्यावर पडलेल्या एकेक दगडाचा आहे. १९४० ते १९५४ रेशनिंग, चौदा वर्षं. मग सेल्फ सर्व्हिस, म्हणजे गिऱ्हाईकाने स्वतः फळीवरून माल उचलायचा, तिथल्या सेन्सबरीज या दुकानांच्या मोठ्या चेनने १९५० मधे क्रॉयडनला पहिलं तसं दुकान काढलं. आमच्याकडे बाबांनी काउंटर हटवायला २०१९ उजाडावं लागलं आणि तरी पहिले दोन महिने गिऱ्हाईक आत न शिरता बाहेरूनच "एक किलो साखर दी रे" म्हणून ओरडायचं.

पण सगळ्यात मोठा दगड १९६४ चा. त्याआधी तिकडे कंपनी ठरवेल त्या किमतीला माल विकायचा, त्याच्या खाली कोणी विकला तर कंपनी त्याचा माल बंद करू शकायची. म्हणजे आपल्या एमआरपीच्या बरोबर उलट! आपली एमआरपी हे छप्पर, त्याच्या वर जायचं नाही, खाली कितीही या, त्यांची होती ती जमीन. १९६४ च्या कायद्याने ती जमीन मोठ्या प्रमाणात काढली, मोठ्या सुपरमार्केटांना भाव पाडायला रान मोकळं आणि छोटे कोलमडले. हे वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो, कारण आज साबणाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीच्या खाली मॉल किती जातो आणि मी किती जाऊ शकतो हेच आमचं रोजचं रडगाणं आहे.

आता आजचे अंक. सगळ्यात कामाचं पान म्हणजे 'ग्रोसर ३३', दर आठवड्याला तेहतीस वस्तूंची एक टोपली घेतात आणि टेस्को, आस्दा, सेन्सबरीज वगैरे सुपरमार्केटांकडे तीच टोपली कितीला पडली ते शेजारी शेजारी छापतात. एवढंच, पण कसली युक्ती आहे. मी पण आमची टोपली केली, बारा वस्तूंची: उकडे तांदूळ, नारळ, सुक्या मिरच्या, सोलं (आमसुलं), गूळ, तूरडाळ, खोबरेल, चहा, साखर, कपडे धुवायचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं. शनिवारी आमचा भाव, एका मोठ्या दुकानाचा आणि मोबाइलवरच्या ॲपचा लिहून काढला. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यात आमची पार वाट, तिथे आम्ही कधीच पुरे पडणार नाही. पण नारळ, सोलं आणि मिरच्यांत आम्ही स्वस्त पण आणि माल पण बरा, कारण मिरची बाबा स्वतः म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून निवडून आणतात. मग बिस्किटांची फळी मागे ढकलली आणि मिरची-सोलं दारात आणली. हे एका पानाने शिकवलं, बाकी पानांनी नाही.

बाकी म्हणजे काय, कोण मॅनेजर कुठल्या कंपनीतून कुठे गेला, कुठला ब्रँड किती वाढला, ओट मिल्क, जाहिराती भरपूर, भाषा पण अशी की तिथल्या चेन माहीत नसतील तर निम्म्या बातम्या डोक्यावरून. आमच्यासारख्या छोट्या दुकानाच्या प्रश्नांवर म्हणजे उधारी, एक्स्पायरीचा माल परत न घेणारा डीलर, पावसात कुबट होणारं धान्य यावर त्यात ओळ सापडणार नाही आणि ती अपेक्षा पण नाही, ते त्यांच्या लोकांसाठी काढतात. त्यामुळे दरवर्षी पैसे भरून मागवा असं मी कोणाला सांगणार नाही. पण कोणी तिकडून येत असेल तर दोन-चार अंक आणायला सांगा आणि आधी ते तेहतीसचं पान काढा. पाचपैकी साडेतीन.

आमची बाराची यादी आता गल्ल्यामागे कॅलेंडरच्या खाली चिकटवलीय. गेल्या शनिवारी बाबांनी न विचारता त्यात तेरावी वस्तू घातली, काजूगर, आणि पुढे लिहिलं, "हें ॲपार मेळना", म्हणजे हे ॲपवर मिळत नाही.