फोर्ट कोचीत लागलेला 8,650 रुपयांचा चुना

आधीच सांगतो, मी भोळा नाही. एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, खोटी नोट बोटाला लागली की कळायची. तरी कोचीत एका दिवसात 8,650 रुपये घालवून आलो. मुलीला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

बुधवारी सकाळी एर्नाकुलमहून बोटीने मी आणि बायको फोर्ट कोचीला उतरलो. जेट्टीबाहेर रिक्षावाला उभा, हातात दहा ठिकाणांच्या फोटोंचं कार्ड. "तीन घंटा, तीन सौ." एवढ्यात कोण फिरवतं, हे मलाही कळतं. गिऱ्हाईक दुकानात नेलं की त्याला कमिशन सुटतं. आपण दहा मिनिटं टेकायचं, काही न घेता उठायचं, म्हणजे दुकानदाराच्या पैशांत आपली कोची बघून होते, असा माझा हिशेब. हाच शहाणपणा नडला.

सुरुवात चांगली झाली, खोटं कशाला बोलू. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर पाहिली. 1524 साली तो कोचीतच वारला, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. आता तिथे नुसता दगड. मग चिनी जाळी. कोळी हाक मारतात, दोर हातात देतात, टांगलेल्या धोंड्यांच्या भारावर ते अवाढव्य जाळं वर येतं, गंमत वाटते. फोटो निघाला की हात पुढे. 500 मागितले, 200 वर सुटलो. दोराला हात लावण्याआधी पैसे विचारा.

नंतर मट्टनचेरी. तिथला राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिलेला, आत भिंतींवर रामायणाची चित्रं. बायकोला कोचीत खरं तर तेवढंच पाहायचं होतं. रिक्षावाला म्हणाला, "पॅलेस आज बंद."

माझ्या खिशात आदल्या रात्री मीच लिहिलेली चिठ्ठी होती: राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग (ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद. आणि तो बुधवार होता! चिठ्ठी काढून बघायला किती वेळ लागतो? त्यात रिक्षा राजवाड्यावरूनच गेली, आणि फाटकातून गणवेशातली मुलं रांगेने आत शिरत होती. बायको म्हणाली, "अहो, ही मुलं कुठे चाललीत?" मी म्हणालो, "शाळा असेल." ते दोन शब्द आठवले की आजही कानशिलं तापतात. पण परक्या गावात, घामाने निथळताना, समोरचा ठामपणे सांगत असताना कोण उलटतपासणी घेतं?

राजवाड्याच्या वेळेत आम्ही मसाल्याच्या दुकानात. चहा आला, वेलचीचा घमघमाट, मालक "अम्मा, अम्मा" करत बायकोच्या हातावर तेल चोळतोय. केशर 10 ग्रॅम 3,500, वेलची अर्धा किलो 2,250, चंदनाचं तेल 100 मिली 1,800. एकूण 7,550. केशर पिकतं काश्मीरात, पांपोरला. कोचीत त्याचं काय काम, हे तेव्हा सुचलं नाही. पैसे मोबाईलवरून दिले तर स्क्रीनवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. तिथेही गप्प बसलो. बिल म्हणून मिळाला 'एस्टिमेट' लिहिलेला कागद. असा कागद हातात आला की माल तिथेच ठेवा आणि उठा.

जेट्टीवर परतल्यावर रिक्षावाला म्हणतो, तीनशे तासाचे. 900! भोवती त्याचे चार मित्र जमले. दिले.

मग पोलीस चौकी. हवालदार मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "मीटरने का नाही आलात?" रिक्षाचा नंबर टिपलाय का? नाही. (तुम्ही बसण्याआधी मागून फोटो काढा.) त्याने पर्यटकांच्या मदत केंद्रात पाठवलं. तिथे जेवणाची सुट्टी. पाऊण तासाने एक बाई आल्या, त्यांनी शहराचा नकाशा हातात दिला. नकाशा! त्यावर राजवाड्याच्या वेळाही छापल्या होत्या.

सांगलीला आल्यावर केशर पाण्यात टाकलं. क्षणात पाणी लालभडक, काड्या पांढऱ्याफटक. खरं केशर सावकाश पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. वेलची अर्क काढून घेतलेली, चावली तर भुसा. खरं चंदनतेल 100 मिली घ्यायचं तर दहा हजारही पुरत नाहीत, हे किराणावाल्याने हसत सांगितलं. कोचीतल्या एका कचेरीत फोन केले, सहा वेळा. एकजण म्हणाला लेखी पाठवा, दुसरा म्हणाला हे खातं आमचं नाही, तिसऱ्याने विचारलं, "दुकानाचं नाव काय?" तेच कागदावर नाही ना, बाबा! माझा कर घेताना यांना खातं बरोबर सापडतं.

नंतर एका वकिलाकडून कळलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं. पैसे रोख दिले नाहीत, एवढं एकच शहाणपण माझ्या हातून झालं. तो स्क्रीनशॉट तक्रारीला जोडलाय. तेलाची बाटली पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहे. सगळ्या कपड्यांना स्वस्त उदबत्तीचा वास लागलाय, आणि बायको ती टाकूही देत नाही.