मैत्री क्लिनिक, नाशिक : दाराबाहेर बसलेल्या आईचा अभिप्राय

नाशिकमधील एका सरकारी रुग्णालयातील ‘मैत्री’ या किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या आरोग्य व समुपदेशन क्लिनिकमध्ये मी माझ्या १६ वर्षांच्या मुलाला घेऊन गेले, त्याला आता दोन महिने झाले. त्याची तक्रार काय होती हे मी येथे लिहिणार नाही. हा मजकूर त्याला वाचायला दिला होता आणि त्याने काढायला सांगितलेली दोन वाक्ये काढून टाकली आहेत. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयोगटातील मुलामुलींना ही सेवा मोफत मिळते, तरीही माझ्या ओळखीच्या बहुतेक पालकांना ती ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी आम्ही नेहमीच्या खासगी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर अनुभवी आहेत. पण तपासणीच्या टेबलाला अर्धाच पडदा, पलीकडे कंपाउंडर आणि दारात पुढचा रुग्ण अशा स्थितीत त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याला मुलाने माझ्याकडे पाहत ‘काही नाही’ असे उत्तर दिले. परतताना कॉलेज रोडच्या सिग्नलला, स्कूटरवर मागे बसल्या बसल्या तो म्हणाला, “आता मला कुठेच नेऊ नकोस.” पुढे तीन महिने हा विषय घरात निघाला नाही.

मैत्रीमधील समुपदेशक बाईंनी सुरुवातीला आम्हा दोघांना एकत्र बसवून नियम सांगितले. तो जे बोलेल ते त्याच्या परवानगीशिवाय मला सांगितले जाणार नव्हते. अपवादही त्यांनी त्याच्यासमोरच स्पष्ट केले : त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, आणि १८ वर्षांखालील कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर, कारण पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. उपचारांसाठी पालकांची संमती लागते, हेही त्यांनी लपवले नाही. “बोलणं त्याचं, सही तुमची. पण सही कशासाठी हवी ते आधी त्याला सांगेन, मग तुम्हाला,” या वाक्याला मुलाने पहिल्यांदा मान वर केली. गुप्तता कुठे संपते हे आधीच कळल्यामुळे त्याचा तिच्यावर विश्वास बसला, असे मला वाटते. ‘कुणाला काही कळणार नाही’ एवढ्या आश्वासनावर तो बोलला नसता.

त्यानंतर मला बाहेर बसायला सांगण्यात आले. बाईंनी आधीच्या रुग्णांची नावे असलेली नोंदवही मिटून खणात ठेवली, मोबाइल बंद केला आणि दार लावून घेतले. मांडीवर हेल्मेट घेऊन मी पस्तीस मिनिटे बाकावर बसले होते. मला राग आला होता. ज्याची दुपटी मी धुतली त्याचे दुखणे परक्या बाईला कळावे आणि मला कळू नये, हे पचायला जड गेले. बाहेर आल्यावर त्याने पाण्याची बाटली मागितली आणि एका दमात संपवली. चार दिवसांनी रात्री मी भांडी विसळत असताना त्याने आपणहून निम्मे सांगितले. उरलेले निम्मे मी विचारलेले नाही.

मात्र खोलीच्या आत जे जपले जाते, ते खोलीबाहेर सांडते. केस पेपरच्या खिडकीवर भर रांगेत “काय त्रास आहे?” असे मोठ्याने विचारले गेले आणि मुलाने खोकला असे सांगून वेळ मारून नेली. औषधाच्या खिडकीवरही गोळ्या कशासाठी आहेत ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावले जाते. समुपदेशक एकच असल्याने त्या शाळाभेटींना गेल्या की क्लिनिक बंद राहते. आमची एक खेप त्यामुळे वाया गेली. वेळ सकाळच्या ओपीडीची, म्हणजे मुलाला तास बुडवून शिक्षकांना कारण सांगावे लागते, आणि जे घरी सांगितले नाही ते वर्गात कसे सांगायचे हा प्रश्न उरतोच. आठवड्यातून एक दिवस जरी संध्याकाळी क्लिनिक उघडे ठेवले तर ही अडचण बरीच कमी होईल.

केस पेपर काढताना ‘मैत्रीत जायचे आहे’ एवढेच सांगितले तरी चालते, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला समजले. खिडकीवरील विचारणेबाबत मी लेखी तक्रार दिली आहे. तोवर रांगेत त्याच्याऐवजी मी उभी राहते आणि तो थेट खोलीकडे जातो.