वादळात वाकलेला टीव्हीचा ॲन्टेना दुरुस्त केला, त्याला आता आठ महिने झाले

आधी निकाल सांगते. जुनाच ॲन्टेना, जुनाच खांब, चित्र स्वच्छ. पण हे साधायला मला दोनदा दुरुस्ती करावी लागली. पहिल्या वेळी मी जी चूक केली ती बरेच जण करत असणार, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

वादळात खांब कलला, पुढच्या तीन काड्या वाकल्या आणि एक टोकापासून चार बोटं तुटली. मागचा रिफ्लेक्टर, म्हणजे सिग्नल पुढे परतवणारा भाग, क्लिपमधून निसटून लोंबत होता. बोलावलेल्या तंत्रज्ञाने खालूनच वर पाहिलं, "पूर्ण बदला" म्हणाला, आणि तोवर चालवायला म्हणून खांबावर सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर बसवून गेला. काड्यांमागे एक छोटी प्लास्टिकची डबी असते, जिच्यात केबल जोडलेली असते, ती त्याने उघडलीसुद्धा नाही. याचा राग मला आजही आहे.

नवा घ्यायला मी ठाम नकार दिला. माझा ॲन्टेना यागी-उदा प्रकारचा, त्याची ही रचना १९२६ सालची आहे. ठरावीक लांबीच्या काड्या ठरावीक अंतरावर बसवलेल्या, एवढंच. वाकलेलं सरळ करता येतं, तुटलेलं जोडता येतं. मग फेकायचं कशासाठी?

काड्यांचं काम अर्ध्या दिवसात झालं. ॲल्युमिनियमची नळी एकदा वाकली तर सावकाश सरळ होते, पण त्याच जागी दुसऱ्यांदा वाकवली की तडकते. म्हणून दोन्ही हातांनी, थोडी थोडी. तुटलेल्या काडीच्या आत घट्ट बसणारी सळई घालून तिची लांबी पूर्ववत केली, मापासाठी शेजारच्या काड्या होत्याच. ६०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी २५ सेंटीमीटर भरते, त्यामुळे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, पण चार बोटं सोडून चालणार नाही. (वर चढण्याआधी आजूबाजूला विजेच्या तारा कुठे आहेत ते बघा. खांब हातातून निसटला तर कुठवर पोचेल, तेही.)

काड्या सरळ झाल्या, दिशा लागली, मुलगी खालून आकडे ओरडून सांगत होती. सिग्नलची ताकद भरपूर आणि गुणवत्ता मात्र खालीवर. चित्राचे चौकोन फुटायचे, आवाज तुटायचा.

पूर्वी मुंग्या यायच्या आणि हळूहळू वाढायच्या, तेव्हा बिघाड येतोय हे आठवडाभर आधी कळायचं. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत छान दिसतं आणि मग एकदम जातं. त्यामुळे नुसत्या चित्रावर विसंबू नका, टीव्हीच्या मेनूतला गुणवत्तेचा आकडा बघा.

केबल दोन्ही टोकांना सोडवून मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात मल्टिमीटर लावला. तिथे काहीच जोड दिसायला नको, पण काही किलोओहमचा आकडा आला. आत पाणी होतं. वरचं टोक सोललं तर जाळी काळी पडलेली. हातभर कापलं, पुन्हा काळी. आणखी हातभर, तरी काळी. दिव्याची वात तेल ओढते तशी जाळी पाणी ओढून घेते, म्हणून टोक छाटून भागत नाही. आरजी-६ ची, म्हणजे टीव्हीसाठी वापरतात त्या प्रकारची, नवी केबल टाकली. ॲम्प्लिफायर काढला. गुणवत्तेत काडीचा फरक पडला नाही. त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर जे बिघडलंय ते तो नीट करत नाही, सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. शिवाय त्याची वीज त्याच केबलमधून वर जाते, आणि ओल्या तांब्यातून अशी वीज गेली की ते जास्त लवकर गंजतं.

इथवर माझं मत होतं की दोष सगळा केबलचा. म्हणून पाण्याची कायमची वाट बंद करायची ठरवून मी ती डबी चारी बाजूंनी सिलिकॉनने लिंपली. तिच्या तळाला एक बारीक भोक होतं. पाणी इथूनच शिरलं असणार असं वाटून तेही बुजवलं. मोठ्या समाधानाने खाली उतरले.

दहा आठवडे उत्तम गेले. मग पहाटे चित्र फुटायला लागलं, दुपारी आपोआप ठीक व्हायचं. पाऊस नाही, वारा नाही. चार दिवस मी टीव्हीलाच दोष देत होते. पाचव्या दिवशी डबी उघडली तर आत थेंब, आणि स्क्रूंवर हिरवट थर.

ते भोक पाणी आत यायला नसून बाहेर जायला असतं! डबी कितीही बंद केली तरी हवा आत-बाहेर होतच राहते, रात्री गार पडली की त्या हवेतला दमटपणा आत साचतो. खाली वाट असेल तर थेंब गळून जातो. मी ती वाट स्वतःच्या हाताने बंद केली होती. वर सिलिकॉनही चुकीचं वापरलं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. विजेच्या जोडांजवळ बिनवासाचं, न्यूट्रल प्रकारचंच वापरायचं.

डायपोलच्या, म्हणजे जिला केबल जोडतात त्या काडीच्या, ३०० ओहमचे केबलसाठी ७५ ओहम करणारी बॅलनची चिमुकली पट्टी आत असते, ती बदलावी लागली. स्क्रू घासून घेतले. सिलिकॉन फक्त झाकणाच्या वरच्या कडेला लावलं. भोक टाचणीने मोकळं केलं, आणि ते खरंच खाली आहे ना हे बोट लावून तपासलं. हे तपासणं फार महत्त्वाचं आहे. काही ठिकाणचे प्रक्षेपक उभ्या ध्रुवणाचे असतात, तिथे काड्या उभ्या राहतील असा ॲन्टेना फिरवून बसवतात. मग डबीही फिरते आणि भोक बाजूला जातं. असं असेल तर सर्वांत खालच्या जागी नवं भोक पाडा. बारीक ड्रिल पुरतं, पट्टीला लागू देऊ नका.

केबलच्या जोडावर यावेळी साधी इन्सुलेशन टेप लावली नाही. उन्हात तिचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते, ती दुप्पट ताणून खालून वर गुंडाळली, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो. डबीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं.

त्याला साडेपाच महिने होऊन गेले. मधल्या काळात एक पूर्ण पावसाळा गेला. गुणवत्तेचा आकडा दर महिन्याला लिहून ठेवते. तो दोन टक्क्यांच्या आतच हलतो, पहाटेही. मागच्या रविवारी झाकण काढून पाहिलं. डबी कोरडी होती, स्क्रू चकचकीत, आणि भोकाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणायला घेतलेलं. ते साफ केलं.

रिफ्लेक्टरची एक क्लिप उन्हाने ठिसूळ होऊन तडकली आहे, सध्या तारेने बांधली आहे. आणि खांबाला पश्चिमेकडून ताणून धरणारी तार ढिली वाटते. पुढच्या वेळी शिडी लावीन ती या दोन कामांसाठी.