जेजर-लकूल्त्र रिव्हर्सो: पलटणारी केस आणि तिचे नखरे

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटत. त्यावर तोड म्हणून रिव्हर्सो या मनगटी घड्याळाची पलटणारी केस, म्हणजे बाहेरचं कवच, निघाली. रेने-आल्फ्रेद शोव्हो याने १९३१च्या मार्चमध्ये पॅरिसला पेटंटचा अर्ज केला. स्वित्झर्लंडमधल्या ल सेंतिएच्या लकूल्त्र कारखान्याची स्थापना १८३३ची, पण या चौकोनी केसमध्ये बसेल असं यंत्र त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं. पहिली एक-दोन वर्षं ते तावान या दुसऱ्या स्विस कंपनीकडून घेतलेलं होतं.

आजच्या ट्रिब्यूट स्मॉल सेकंड्स या मॉडेलची केस ४५.६ बाय २७.४ मिमी, जाडी ८.५ मिमी. आकडे मोठे वाटले तरी बारीक मनगटावरही छान बसते. काच आता सफायरची, त्यामुळे संरक्षणासाठी पलटायची गरज उरलेली नाही; मागची कोरी पाटी नाव कोरून घ्यायला.

पलटताना नऊच्या बाजूने अंगठ्याने केस चावीकडे, म्हणजे तीनच्या बाजूला, पूर्ण सरकवा, डावी कड उचलून उलटवा, मग ‘टक’ होईपर्यंत परत सरकवा. अर्धवट सरकवून जोर लावाल, तर कडा घासतात. खरी कटकट धुळीची. केस सरकते त्या खाचेत कण अडकला की मागच्या पाटीवर, म्हणजे नेमक्या कोरीव नावावर, बारीक ओरखडे उठतात. कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ करत राहा. तेल बिल टाकू नका, त्यावर धूळ आणखी बसते.

आतलं ८२२ यंत्र हाताने चावी द्यायचं, ताकद ४२ तास. शुक्रवारी रात्री दहाला पूर्ण चावी देऊन काढून ठेवलं, तर रविवारी दुपारी चारच्या सुमारास थांबणार. रोज सकाळी एकाच वेळी, अडेपर्यंत हळू चावी द्या. अडल्यावर पुढे रेटायचं नाही. या किमतीत ४२ तास कमीच. पाणीरोधकता ३० मीटर लिहिलेली असली, तरी ती हात धुण्यापुरतीच धरा. मुंबईच्या पावसाळ्यात चामडी पट्टा घामाने लवकर कडक होतो, तेव्हा कापडी पट्टा जवळ असू द्या. तारीख नाही, अंधारात काटे चमकत नाहीत.

मागच्या तबकडीवर दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा, १९९४पासूनचा दोन तबकड्यांचा ड्युओफेस परदेशी मराठी माणसाला मोहात पाडतो. पण मागचा तासकाटा एकेक पूर्ण तासानेच सरकतो आणि मिनिटं दोन्हीकडे तीच. दुबईची वेळ लावून भारताची पाहायची, तर अर्धा तास मनातच मिळवावा लागतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.